पंगतीतला हेर

"काय काढलंत?"

बिघडलेल्या कॉम्प्युटरपुढे बसल्या की अक्का हात मांडीवर ठेवून आधी हेच विचारायच्या. काय बिघडलंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. समोरचा माणूस, म्हणजे बहुतेक वेळा मीच, "काही नाही हो" म्हणून छताकडे बघायचा.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं त्या बघत. घर राजाजीनगरात, तेही तीन पिढ्यांचं. मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून नव्याने आलेल्या मला त्या रागावताहेत की लाड करताहेत, तेच कळत नसे. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. साहेबसुद्धा अक्काच म्हणायचे. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, जे खोलीत आलं की निम्मी काळजी तिथेच मिटते.

मल्लेश्वरमला मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो त्या काकू एकट्याच होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. कान पार गेलेले. ओठ बघून बोलणं ओळखायच्या, पण फोनला ओठ कुठून आणायचे? म्हणून अमेरिकेतल्या लेकीने इंटरनेट घेऊन दिलं होतं. ती लेक दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात दाखल झाली होती आणि जावई ईमेल करणार होता.

नेमका त्याच रविवारी काकूंनी कॉम्प्युटर साफ केला. फुकटात घेतलेला एक प्रोग्राम आपण काय बघतो ते चोरून बाहेर कळवतो, असं त्यांनी मासिकात वाचलं होतं.

"हेर होता. हाकलला!" मला त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. फोन लागत होता, मोडेम जोडला जात होता, पण आत एक अक्षर येत नव्हतं.

मी रिक्षा करून राजाजीनगर गाठलं. अक्का ओल्या केसांनी तशाच निघाल्या.

काकूंच्या कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी आधी काय काढलं ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हा हेर पंगतीत मधेच बसला होता. वाढलेलं पुढं सरकवायचं काम पण तोच करत होता. काकूंनी उठवला ते सरीच, बरोबरच केलं. पण मधली जागा रिकामी राहिली ना, पुढच्यांना कोण वाढणार?"

मी इंजिनिअर असून एवढं सोपं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी सगळी पंगतच उठवली. नेटवर्कचा भाग मुळापासून काढला, सीडीवरून पुन्हा बसवला, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. दर वेळी काकूंकडे तोंड करून, ओठ सावकाश हलवत सांगायच्या, "स्वल्प थांबा हं, काकू." काकूंनी पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की मला तिकडे बघवेना.

शेवटी ईमेल आला. जावयाचाच होता. मी अधाशासारखा पुढे वाकलो. अक्कांनी माझा खांदा धरून मला मागे ओढलं, माऊस काकूंच्या हातात दिला आणि स्वतः पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळं ज्यांना उघडता येत होतं, त्या दुसऱ्याचं काहीच बघत नसत. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"मुलगी! दोघी सुखरूप!" काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. ऐकू येत नसल्याने आपण ओरडलो हे त्यांना कळलंच नाही. अक्का खिडकीशी उभ्या राहून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

त्यानंतर काही महिन्यांतच अक्का आजारी पडल्या आणि आठवड्याभरात गेल्या. काकूंना सांगायचं मी टाळत राहिलो.

मग नातीचा बसायला लागल्याचा फोटो आला. काकूंनी मला खाली बोलावलं. "तुझ्या अक्काला घेऊन ये. तिला दाखवायचाय."

मी सांगायला गेलो, पण ओठ नीट हलेनात. काकूंना काही कळेना. मग मी कॉम्प्युटरवर रोमन अक्षरांत टाइप केलं, "अक्का गेल्या."

काकूंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि शेवटापासून एकेक अक्षर मागे जात ते वाक्य पुसून टाकलं.