आत्या गप्प बसली तेव्हा

आमच्या आत्याला सरळ बोलण्याचं वावडं होतं. बाबांची ही थोरली बहीण. चामटोलीहून तांदूळ, भाजी, जे असेल ते पिशवीत भरून अंबरनाथला आमच्या फ्लॅटवर यायची आणि चप्पल काढता काढताच तिची पहिली म्हण सुटायची. भूक लागली, असं ती कधी म्हणाली नाही. तिच्या पोटात कावळेच ओरडायचे.

काही म्हणी पुस्तकातल्या, बऱ्याचशा तिच्या स्वतःच्या. आमचे एक चुलते पैसेवाले, पण कुणाला चहासुद्धा पाजायचे नाहीत. आमच्या भागाला पाणी देणाऱ्या बारवी धरणावरून त्यांना ती ‘बारवी भरली, नळ कोरडा’ म्हणायची. मी ही म्हण परीक्षेत लिहिली, तर बाईंनी लाल रेघ मारून ‘अशी म्हण नाही’ असा शेरा दिला. आत्याला बाईंची कीवच आली. "त्यांच्याकडं पानी रोज येत असंल," ती म्हणाली. आत्या आता नाही. नळाचं पाणी गेलं की मला तिची हटकून आठवण येते.

आई मात्र तिच्या जिभेला टरकून असायची. ताईला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा तिनं आत्याला स्वतःची शपथच घातली, की पाहुणे जाईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.

ताईची एकच अट होती. उल्हासनगरच्या लॅबमधली नोकरी तिला लग्नानंतरही करायची होती. मुलाच्या आईनं लगेच मान डोलावली, वर आम्ही सुनेला लेकीसारखं ठेवतो, असंही सांगितलं. आई विरघळलीच. आत्या कोपऱ्यात सुपारी चघळत बसलेली. गाव कुठलं विचारलं तर तिनं लांबवर हात केला, नाव विचारलं तर नुसती हसली. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि तिच्याशी हातवारे करू लागले.

मग ताई आणि मुलगा गॅलरीत बोलायला गेले, बाबा मुलाच्या वडिलांना गच्ची दाखवायला, आई आणि मी चहा करायला आत. हॉलमध्ये उरल्या मुलाची आई, तिची बहीण आणि ‘मुकी’ आत्या.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तर आत्या उभी होती.

"हत्तीचं दाखवायचं दात येगळं, खायचं येगळं," ती मुलाच्या आईला म्हणाली. "सा म्हयनं जाऊ दे, मग राजीनामा द्यायला लावू, असं आताच बोललात ना बहिणीला?"

मुलाच्या आईनं बहिणीकडे बघितलं. बहीणच गडबडीनं म्हणाली, "अहो, आम्हाला वाटलं, ह्यांना ऐकू येत नाही."

चहा तसाच राहिला. पाहुणे गेल्यावर ताई आत्याच्या गळ्यात पडून हसत होती आणि आई शपथेचं नावही काढत नव्हती.

पुढे दुसरं स्थळ आलं, तेव्हा आईनं आदल्या दिवशीच बाबांना चामटोलीला पिटाळून आत्याला आणवलं. तिला सोफ्यावर मधोमध बसवलं. पाहुणे टेकतात न टेकतात तोच आई तिला म्हणाली, "वन्सं, तुम्ही करा सुरुवात."