थॉर्नगिल बुडालं त्या दिवशी

थॉर्नगिलमधल्या प्रत्येक घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे संघमित्राला पाठ होतं. इंग्लंड मात्र तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

जळगावच्या मेहरूणमधून ती रोज सकाळी स्कूटीवरून बाजारपेठेत जाई, एका कापडदुकानाशेजारचा लोखंडी जिना चढे आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढे बसे. खालचं दुकान रोनकच्या वडिलांचं, वरची खोली रोनकची. परदेशातल्या जुन्या हस्तलिखितांचे फोटो यायचे, ते वाचून टाइप करून परत पाठवायचे, हा त्याचा धंदा. संघमित्रा भूगोलात एम.ए., वर बी.एड. अकरा वर्षं तिनं तासिका तत्त्वावर तीन शाळांमध्ये शिकवलं. कायम कुणी केलं नाही. चाळिशी आली तेव्हा तिनं खडू खाली ठेवला आणि इथे आली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं ते तिरकं, एकमेकांत गुंतलेलं इंग्रजी अक्षर तिला जसं लागे तसं त्या खोलीत कुणालाच लागत नसे.

ऑगस्टमध्ये तिच्याकडे थॉर्नगिल गावच्या शाळेच्या वह्या आल्या. शिक्षकानं रोज चार ओळी लिहायच्या, अशी तिथली पद्धत. पहिली नोंद १८७१ सालची. त्या चार-चार ओळींतून संघमित्राच्या डोक्यात हळूहळू अख्खं गाव उभं राहिलं. उत्तर इंग्लंडचं उंच, उघडं माळरान. झाड जवळजवळ नाहीच. मैलोन्‌मैल गुडघाभर झुडूप, उन्हाळा सरताना जांभळं होणारं. त्याखाली काळी, भिजकी माती. तिला पीट म्हणतात. ती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि चुलीत जाळायची. गावाच्या मधून ओढा, त्यावर एका कमानीचा दगडी पूल. अलीकडे चर्च आणि शाळा, पलीकडे खाणकामगारांची घरं.

एका शिक्षकानं कौतुकानं गावाचा इतिहासही लिहून ठेवला होता. नाव ठेवलं ते समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी. अर्थ, काट्यांची घळ. मग चारशे वर्षं मठाच्या साधूंची मेंढरं. मग डोंगरात शिसं सापडलं आणि चारशे माणसांची वस्ती झाली. मग शिसं संपलं. राहिली नव्वद-शंभर माणसं आणि पुन्हा मेंढरंच.

‘पीट कापणी सुरू असल्याने आज सातच मुले हजर.’ हे वाक्य टाइप करताना ती एकटीच हसली होती. एरंडोल तालुक्यातल्या शाळेत तिनं स्वतः हेच लिहिलं होतं, फक्त पीटच्या जागी कापूस वेचणी.

१९०९ साली शाळेवर मिस आल्डरसन नावाच्या बाई आल्या आणि सत्तावीस वर्षं तिथेच राहिल्या. संघमित्राचं त्यांच्याशी फार जमलं. कुणाला गोवर झाला, कुणाच्या बुटाला तळ नाही, कुणी शेकोटीत पाटी टाकली, सगळं त्या लिहीत. संध्याकाळी चहाच्या वेळी संघमित्रा हे सासूला सांगे. द्रौपदाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दिवसभर घरात. त्या वाटच बघत असायच्या.

“तुनी मास्तरनी काय म्हनस आज?”

असे सहा महिने गेले. गाव नकाशात शोधावं, असं संघमित्राला एकदाही सुचलं नाही. नकाशा तिच्या डोक्यात होताच.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी शेवटची वही उघडली. १९३५ च्या शरद ऋतूतली एक नोंद अशी होती : ‘शहराच्या जलमंडळाची माणसे आली. मुलांनी विचारले, पाणी कुठवर येणार? त्यांनी छताकडे बोट दाखवले आणि म्हणाले, यावर आणखी चार शाळा रचा.’

संघमित्रानं ती ओळ टाइप केली आणि मग तिचा अर्थ तिला लागला. तिनं भराभर पुढची पानं उलटली. ‘पुलापलीकडची घरे पाडली.’ ‘आजपासून चर्चची घंटा नाही.’ आणि शेवटच्या पानावर मिस आल्डरसनच्या नेहमीच्या नीट अक्षरात : ‘शाळा आज कायमची बंद. भिंतीवरचे घड्याळ उतरवले. नऊपैकी नऊ मुले हजर.’

ती एवढ्या झटक्यात उठली की खुर्ची मागे कोसळली.

“काय झालं ताई?” रोनक धावत आला. “फाइल उडाली का?”

“गाव बुडालं.”

“कुठलं गाव?”

“थॉर्नगिल. अहो, धरणात घातलं त्यांनी. अख्खं.”

रोनक आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा काढला, शोधत शोधत तिथे गेला. तपकिरी माळरान, आणि मधोमध लांबट, गडद निळं पाणी. पाण्याकाठी गाड्या उभ्या करायची जागा. संघमित्रा वाकून पूल कुठे असेल ते शोधत राहिली. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी मेलेलं गाव. पण तिच्यासाठी ते सकाळी साडेअकराला गेलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं सासूला सांगितलं. द्रौपदाबाई ताटात दादर ज्वारीचे दाणे निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “मंग लोके कोठे गयात?”

“खालच्या गावात घरं दिली म्हणे.”

त्या पुन्हा दाणे निवडू लागल्या. द्रौपदाबाईंचं सासरचं गावही धरणात गेलेलं, हे घरात माहीत होतं. पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत कुठेतरी. पण ते वाक्य त्या घरात ‘आमच्या आजोबांना दमा होता’ अशासारखं होतं. त्यापुढे कुणी काही विचारलेलं नव्हतं. संघमित्रानंही नाही.

दोन दिवसांनी वहीच्या पाठोपाठ एक यादी आली. पाणी सोडण्याआधी चर्चच्या आवारातल्या कबरी उकरून मृतांना वरच्या दफनभूमीत नेलं होतं, त्यांची यादी. एकशे सत्तेचाळीस नावं. वय, कुणाची कोण, जुनी जागा, नवी जागा. एकोणनव्वदाव्या ओळीत लिहिलं होतं : ‘अर्भक, तीन आठवडे, नाव ठाऊक नाही. आईशेजारी ठेवले.’

हेही तिनं चहाच्या वेळी सांगितलं. द्रौपदाबाईंचा कप बशीवर तसाच राहिला.

“त्यासनी मरेल मानसे बी काढात?”

“हो. एकेक करून.”

“धाकला पोरे बी?”

“हो आई. बिननावाचं एक लेकरूसुद्धा.”

द्रौपदाबाईंनी कपबशी बाजूला सरकवली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “मनी सुलखन तठेच राहयनी. पानीमां.”

संघमित्राला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “कोण सुलखन?”

“मनी आंडेर. रविनी मोठी बहीन.”

रवींद्रशी लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती. या नावाचं कुणी होतं, हे ती पहिल्यांदा ऐकत होती. ती जमिनीवर सासूजवळ बसली आणि द्रौपदाबाई तुकड्यातुकड्यानं बोलू लागल्या. पहिली मुलगी. सुलक्षणा हे नाव गावच्या मास्तरांनी सुचवलं. आजीला ते म्हणता येईना, म्हणून सुलखन. नऊ महिन्यांची झाली आणि तापानं गेली. ओढ्याच्या काठी, तीन चिंचांच्या अलीकडे नवऱ्यानं, देवचंदनं, खड्डा केला. त्यानंतर चौथ्या वर्षी धरणाचं पाणी आलं. दवंडी झाली होती, पण पाणी सांगितल्यापेक्षा आधी चढलं. हाती लागलं ते उचलून लोक वर पळाले.

“आमले तं जित्ता व्हतूत तरी कोनी इचारं नही,” त्या म्हणाल्या. “रविना बाप म्हने, मांगे पाहू नको. मंग मी पाहंच नही.”

रवींद्र एसटीच्या आगारात मेकॅनिक. सहा वाजता तो आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या. संघमित्राला कळेना, आपण सांगावं की नाही. पण द्रौपदाबाईंनीच सांगितलं, त्यानं चपला काढायच्या आत. तो दारातच उभा राहिला. मग मोरीत गेला, ग्रीसचे हात धुतले. बाहेर आला, पुन्हा आत जाऊन धुतले.

“पंचेचाळीस वर्षं,” तो म्हणाला. “माय, पंचेचाळीस वर्षं तू मला सांगितलं नाही?” त्याचा आवाज चढला होता. आईवर तो कधी ओरडला नव्हता. द्रौपदाबाईंनी मान वर केली नाही. तो त्यांच्यासमोर बसला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, “कशी होती?”

“तिले केस नव्हतात,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “तुलेबी नव्हतात.”

मे महिन्यात धरण आटतं. द्रौपदाबाईंनीच एक दिवस विचारलं, जाता येईल का? रवींद्रनं रजा टाकली. जळगावहून धुळे, तिथून साक्री, मग पिंपळनेर आणि पुढे काळीपिवळीनं.

धरणाच्या काठावर उतरल्यावर तिघंही थबकली. पाणी खूप दूर, तळाशी चिंचोळं चमकत होतं. अलीकडे सगळं सपाट. ना ओढा, ना टेकाड, ना घराचा एखादा दगड. गाळानं सगळं बुजवून टाकलं होतं. आणि त्या सपाट गाळावर हिरवेगार टरबुजाचे वेल पसरले होते.

“आठे नही शे,” द्रौपदाबाई घाबरून म्हणाल्या. “मन्हं गाव आठे नही शे. रवि, आपन चुकनूत.”

वेलांमध्ये काम करणारी एक बाई त्यांना पाहून वर आली. यशोदाबाई नाव, वरच्या पाड्यावरची. पाणी उतरलं की दरवर्षी ती इथे वेल लावते.

“बुडीत गावचे का?” तिनं विचारलं. “येतात कुणी कुणी. इथंच होतं गाव. नांगर लागला की पाटे निघतात, खापरं निघतात. मी बांधावर ठेवते.”

“ओढ्याकाठी तीन चिंचा होत्या,” संघमित्रा म्हणाली.

“चिंचा कुठल्या? तीन खुंट आहेत तिकडं, कुजके. फाळ मोडतो त्यांच्यावर.”

यशोदाबाई पुढे झाली. खुंट खरंच होते, गुडघ्याएवढे, काळे पडलेले. द्रौपदाबाईंनी एकेकाला हात लावला, तोंड फिरवून अंदाज घेतला आणि दहा पावलं चालून थांबल्या. पायाखाली वेल होते, फळं धरलेली. एवढंसं लेकरू ठेवलेल्या जागेवर कुणी शेत केलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. रवींद्रचा चेहरा उतरला. संघमित्रानं यशोदाबाईला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्या बाईच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

“माय गं! मला काय माहीत? सात वर्षं मी इथं नांगर घालते.” ती धावतच द्रौपदाबाईंकडे आली. “अक्का, एवढा तुकडा मी सोडते. आजच वेल काढते. पुन्हा नाही घालायची.”

द्रौपदाबाई खाली बसल्या होत्या. तळहात गाळावर टेकलेला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसंच वर पाहिलं.

“नांगर, माय,” त्या म्हणाल्या. “रिकामी ठेवू नको.”

तिघं उन्हं उतरेपर्यंत तिथे बसली. रवींद्रनं दोनदा आईला पाणी दिलं. निघताना यशोदाबाईनं एक टरबूज हातात ठेवलं. घ्यावं की नको, हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी द्रौपदाबाईंनीच ते घेतलं आणि परतीच्या सबंध प्रवासात मांडीवर धरून बसल्या.

जूनमध्ये सरकारी दवाखान्याकडून पाहणीसाठी एक मुलगी मेहरूणच्या घरोघरी फिरत होती. द्रौपदाबाई ओट्यावर होत्या. मुलीनं नाव लिहिलं, वय लिहिलं, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारलं. मग म्हणाली, “आजी, मुलं किती?”

आत रवींद्र दाढी करत होता, त्याचा हात थांबला.

“दोन,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “येक शे, येक नही.”

मुलीनं दोन लिहिलं आणि पुढचं विचारलं.