माल हवेत असताना

२०२४ साल होतं. हिराता-सान ब्याऐंशी वर्षांचे होते, मी अठ्ठ्याहत्तरचा. शनिवारी सकाळी आमच्या अकराव्या मजल्यावरच्या दाराची घंटा वाजली. दारात पन्नाशी उलटलेली एक जपानी बाई, काळे कपडे, हातात कागदी पिशवी. आत या म्हटलं तर येईना. उंबऱ्याबाहेरूनच वाकून वाकून बोलत राहिली आणि माझी सून स्मिता मधूनमधून "हाय... हाय..." करत राहिली. जपानीत हाय म्हणजे हो. तीन वर्षं ऐकतोय, मला माहीत आहे. पण त्या सकाळी ते मला आपल्यातलंच, दुःखाचं हाय वाटलं, आणि तेच खरं निघालं. स्मिता वळून म्हणाली, "बाबा, ही हिराता-सानांची मुलगी. हिराता-सान गेले. अकरा दिवस झाले." मी बोटं मोजली. मी त्यांना शेवटचं बघितलं त्याला तेरा दिवस झाले होते. बघितलं आणि पाठ फिरवली... ते मागाहून सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस. मुंबईत माझगावच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या गोदीत चौतीस वर्षं क्रेन चालवली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खाली उभ्या माणसाचे हात वाचायचे. अक्षरं वाचताना मी आजही अडखळतो, हात वाचताना कधी अडखळलो नाही, हे कुणापुढेही सांगेन. बायको गेली, माझगावची खोली सोडली आणि मुलगा संजय मला टोकियोत तोयोसुला घेऊन आला. त्याचं ऑफिस इथून चालत दहा मिनिटं. स्मिता दुपारची कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, कामाला जाते. घर चांगलं आहे, काचेतून खाडी दिसते. पण खिडकी वीतभरच उघडते. इमारतीतून बाहेर पडायला काही लागत नाही, आत यायला मात्र कार्ड लागतं. नाहीतर खालच्या दाराशी घराचा नंबर दाबून 'मी आलोय, उघडा' म्हणायचं. आयुष्यभर कुटुंबाचं पोट चालवलेल्या माणसाने स्वतःच्याच घराच्या दाराशी असं म्हणायचं... ते मला कधी जमलं नाही.

तोयोसु म्हणजे समुद्रात भर टाकून केलेली जमीन. आज टॉवर आणि मॉल आहेत, पूर्वी इथे गोदी होती, गॅसचा कारखाना होता, कोळसा होता. मॉलच्या बाहेर जुन्या गोदीची क्रेन शोभेला ठेवली आहे. आलो त्या पहिल्याच महिन्यात तिच्यासमोर उभा होतो आणि नकळत माझं बोट वर जाऊन गोल फिरलं. तोंडातून शब्द निघाला, "हाबेस." आमच्या गोदीत हाबेस म्हणजे उचल, आर्या म्हणजे खाली सोड. शेजारी पांढरे हातमोजे घातलेला एक ठेंगणा म्हातारा वाकून रस्त्यावरचा कचरा वेचत होता. त्याने कंबर सरळ केली, माझ्यासारखंच बोट फिरवलं आणि म्हणाला, "गोहेई." मग तळहात पालथा करून खाली हलवत म्हणाला, "सुरा." मी दोन पावलं मागे सरलो. म्हटलं, हा सुरा काढतो की काय. तर त्यांच्या गोदीतली ती आर्या होती. तेच हिराता-सान. याच गोदीत त्यांनी आयुष्यभर क्रेनला खुणा दिल्या होत्या. मॉलमध्ये आता बूट विकतात ती जागा दाखवून त्यांनी पाय आपटला, म्हणजे मी इथे उभा राहायचो.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला ते आमच्या खिडकीसमोरच्या कालव्याच्या पुलावर यायचे. वर बघून तळहात पालथा करायचे, आर्या. मी लिफ्टने खाली. कालव्यापलीकडे त्यांच्या पाच मजली सरकारी इमारती. मी त्यांना चाळीच म्हणायचो, बाहेरून लांब गॅलरी, दोऱ्यांवर कपडे, खारा वारा आणि सगळ्यांची दारं ओळखीची. गोदीत येऊन राहिलेली माणसं तिथेच म्हातारी झाली. वेल्डिंग केलेले, बॉयलरवर असलेले, एक बाई तर गोदीच्या कँटीनमध्ये भात शिजवायची, ती अजूनही हिराता-सानांना भात कमी खाता म्हणून दटावायची. मला ती सगळी 'कुरेन-सान' म्हणायची, म्हणजे क्रेनवाले. कदम हे माझं आडनाव तिथे एकदाही लागलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. माझ्या हुद्द्याने मला हाक मारणारी तेवढीच माणसं होती.

एकदा त्यांना टोकियोतल्याच फुनाबोरीला मराठी मंडळींच्या गणपतीला नेलं. मूर्ती गाडीतून उतरवताना पोरं नुसती धडपडत होती. हिराता-सान पुढे झाले, हातमोजे चढवले आणि मी शिकवलेला शब्द मोठ्याने म्हणाले, "आर्या." तीन मुली वळून बघायला लागल्या, एक तर "काय आजोबा?" म्हणत जवळच आली. स्मिता हसून हसून खाली बसली. मूर्ती मात्र तसूभरही न कलता पाटावर टेकली. येताना ट्रेनमध्ये स्मिताने त्यांना विचारलं, एवढं नेमकं कसं जमतं. त्यांनी सांगितलं ते तिने मला मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, उचलायच्या आधी ठेवायची जागा बघायची. ठेवायला जागा नसेल तर माल उचलायचाच नाही." मी मान हलवली. आमच्याकडेही हेच शिकवायचे. 

त्यांनाही उचलायचं चाललं होतं. इमारती पाडणार होते, आणि मुलीने डोंगराकडच्या एका वृद्धाश्रमात खोली बघितली होती. समुद्र नाही, गोदी नाही, कँटीनवाली बाई नाही. ते विषय काढायचे नाहीत, पण पुलाच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहायचे. मी सोबत उभा राहायचो. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे उगाच धीर देण्याचा प्रश्न नव्हता...

मग तो दिवस आला. मी हट्टाने एकटाच त्यांच्याकडे निघालो, दुसऱ्याच पुलावरून वळलो आणि तीन तास भटकलो. शेवटी पोलिसाने घरी आणून सोडलं. संजय ऑफिस सोडून आला होता. "बाबा, आजपासून एकटं खाली जायचं नाही," म्हणाला आणि कार्ड काढून घेतलं.

मी म्हणालो, "मला मुंबईला पाठव."

"तिथे कोण आहे तुमचं?"

"तू मला उचललंस, पण ठेवायचं कुठे ते बघितलं नाहीस."

त्याने कार्ड खिशात टाकलं. स्मिता म्हणाली, "बाबा, सकाळी तुम्ही खुशाल जा. परत येताना खालून बेल द्या, मी उघडते." मी म्हणालो, "मी कुणाच्या दाराशी बेल देत नाही."

दुसऱ्या सकाळी साडेसातला हिराता-सान पुलावर होते. तळहात पालथा, आर्या. मी काचेमागे उभा. त्यांनी पुन्हा खूण केली. मग अंगठा आणि बोट जवळ आणून, थोडंसं, म्हणजे जरा वेळ तरी ये. मी उघडा पंजा काचेवर टेकवला. थांब. ड्रायव्हरने खूण घ्यायची असते, द्यायची नसते, पण थांब ही खूण कुणीही दिली तरी पाळायची, हा सगळ्या गोद्यांचा नियम. त्यांनी हात खाली घेतला. क्षणभर उभे राहिले. मी आत वळलो. पुन्हा ते पुलावर दिसले नाहीत. रागावले असतील असं मी धरलं, आणि मीही रागातच राहिलो.

मुलीने दारात सांगितलं ते एवढंच. मी थांबची खूण केली त्याच दिवशी दुपारी ती त्यांना न्यायला आली होती, सामान बांधलं होतं. ते नाही म्हणाले. म्हणाले, ड्रायव्हर अजून वर आहे, माल हवेत आहे. माल हवेत असताना खुणा देणाऱ्याने जागा सोडायची नसते. दोन दिवसांनी पहाटे आपल्याच खोलीत, आपल्याच गादीवर गेले. कागदी पिशवीत हातमोजे होते. धुतलेले, घडी घातलेले. उजव्या मोज्याचा तळवा डाव्यापेक्षा जास्त झिजलेला.

दुसऱ्या सकाळी मी ते हातमोजे घातले आणि कुणाला न विचारता खाली उतरलो. पुलावर ते जिथे उभे राहायचे तिथे उभा राहिलो आणि वर बघितलं. अकराव्या मजल्यावरची आमची खिडकी खालून काडेपेटीएवढी दिसते. एवढ्याशा काचेत ते रोज माझा हात शोधायचे. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले. काम संपलं की त्यांच्या गोदीत असंच करायचे. मोजे हाताला घट्ट होत होते, तरी काढले नाहीत. मग दाराशी आलो. कार्ड नव्हतं. मोजा घातलेल्या बोटाने अकरा शून्य चार दाबलं. स्मिताचा आवाज आला, "कोण?"

"मी आलोय," म्हटलं. "उघड."