पिशवीवाले साहेब

सरकारी साहेब फाईल घेऊन येतात. हे साहेब पिशवी घेऊन यायचे. छोट्या धंद्यांना सरकारनं दिलेली मदत कामी येते का, हे बघायची त्यांची नोकरी. गिरणीवाल्या बाईकडे जाताना पिशवीत किलोभर ज्वारी, सायकलवाल्याकडे जाताना पंक्चर ट्यूब. म्हणायचे, "विचारलं की सगळे हो म्हणतात. काम दिलं की समजते."

न्हाव्याच्या दुकानाची पाहणी असली की चार दिवस दाढी राखत. मारेगावला एकाला योजनेतून दाढीची विजेवरची मशीन मिळालेली. अर्धी दाढी झाली अन् लाईन गेली. साहेब तसेच जीपमध्ये बसले. बाया पदराआड हसत होत्या, अन् साहेब त्यांना गाल दाखवून म्हणाले, हाच माझा अहवाल.

दारव्ह्याला मला मोटरची शिलाई मशीन मिळाली होती. मी आठवी सोडलेला माणूस; सही कर म्हटलं की करतो. 'ट्रेनिंग झालं' यावरही केली. ट्रेनिंग झालंच नव्हतं. मशीन चादरीखाली, अन् मी शिवत होतो जुन्या पायमशीनवर. बंद दिसली की परत नेतात, असं गल्लीत सगळे सांगत. म्हणून साहेब येणार कळताच शेजारच्या दुकानातले चार शर्ट आणून टांगले.

साहेबांनी शर्टांकडे पाहिलंच नाही. पिशवीतून उसवलेली पँट काढली, नव्या मशीनवर शिव म्हणाले. मी बटण दाबलं, पाय ठेवला, अन् मशीन अशी सुटली की थांबेचना. साहेबांनी पँटच्या पायात हात घातला. तो खालून निघेना. तोंडच शिवलं गेलं होतं.

"कोणी शिकवलं रे तुले?"

मी सगळं खरं सांगून टाकलं, अन् मशीन नेऊ नका म्हणून हात जोडले.

"मशीन कायले नेऊ? नापास तू नाही झाला, आम्ही झालो." तसंच त्यांनी माझ्यासमोर फॉर्मवर लिहिलं. पँट मात्र माझ्याकडूनच उसवून घेतली.

पुढं खरंच शिकवायला एक बाई आल्या. माझ्यासोबत आईही शिकली. त्याच शिकण्यावर आज मी तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात आहे. इथली भाषा येत नाही, सुपरवायझर जवळ आला की मान खाली घालतो, पण हात चुकत नाही. घरची मशीन आई चालवते. फोन केला की मी आधी मशीनचं विचारतो. ती म्हणते, "माही तब्येत इचारत जाय कधी."

इकडं निघण्याआधी साहेबांना भेटायला यवतमाळच्या ऑफिसात गेलो होतो. त्यांची बदली झालेली. कुठं, ते कोणी धड सांगेना. खुर्चीवरच्या नव्या साहेबांनी काम विचारलं.

म्हटलं, "काही नाही साहेब. मशीन चालू हाय, इतकंच सांगाचं होतं."

त्यांनी कागद पुढं ओढला अन् विचारलं, "मग तक्रार काय आहे?"