एक दाणा कमी

फुमिए नेझू बावीस वर्षं एकच काम करत होत्या. सोयाबीनच्या दाण्याची कोंबाच्या विरुद्ध बाजूची कड पात्याने खरवडायची, तो चुरा तपासणीला द्यायचा आणि उरलेला दाणा पेरणीसाठी जपून ठेवायचा. पातं कोंबाला लागलं की दाणा गेला. त्यांच्या हातून वर्षाला तीन-चार जायचे.

सोयाबीनच्या प्रथिनात गंधकयुक्त एक घटक कमी पडतो. तो वाढावा म्हणून त्यांच्या संशोधन संस्थेने दुसऱ्या पिकाचं जनुक त्यात घातलं होतं. प्रथिन सुधारलं, पण असं सोयाबीन खायला देशात कोणी तयार नव्हतं. मार्चअखेर प्रकल्प बंद करून सगळं बी दाबाच्या वाफेत मारायचं ठरलं. नेझूबाईंची निवृत्तीही त्याच आठवड्यात होती.

वडिलांचं मितो गावात साठ वर्षं तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान होतं. आता ते एक्याण्णव वर्षांचे होते आणि अंथरुणावर होते. एक दाणा चावून तोफू कसा धरेल ते सांगायचे. दर नववर्षाला लेकीला म्हणत, तुझा एक दाणा तरी आण. नियमाप्रमाणे दाणा संस्थेच्या दाराबाहेर जाऊ शकत नव्हता. तसं त्या दर नववर्षाला सांगत. यंदाही सांगितलं होतं.

शेवटच्या मोजणीत वहीत १४१८ दाणे होते, ताटांत १४१७ भरले. पुन्हा मोजले, तेवढेच. नेझूबाई आणि प्रकल्पप्रमुख कुरामोची गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी टॉर्चने पाहू लागले. कुरामोची वीस वर्षांनी लहान. त्यांनी टेबलाखालूनच विचारलं, निरोपसमारंभ इथेच उरकायचा का. नेझूबाई हसल्या नाहीत.

दाणा नेझूबाईंच्याच खिशात होता. उठताना हात आत गेला तेव्हा लागला. लहानपणी दुकानात खाली पडलेला दाणा पायाखाली आला तर वडील बोटांवर पट्टी मारत, म्हणून दिसला की उचलून खिशात टाकायचा. पन्नास वर्षांची सवय होती. केव्हा उचलला ते त्यांना आठवेना.

दीड तासाने कुरामोची खुर्चीत बसले.
"नेझू-सान, वहीतच चूक असेल. एक दाणा दोनदा लिहिला गेला असेल. तसं नोंदवू. नाहीतर मंत्रालयाला अहवाल द्यावा लागेल. तुमच्या शेवटच्या आठवड्यात कशाला ते?"

नेझूबाईंची बोटं दाण्यावर होती. कापलेली कड अंगठ्याला लागत होती. घरी जायला गाडीने चाळीस मिनिटं लागायची.

त्यांनी दाणा काढून ताटात ठेवला.
"खिशात होता."

कुरामोचींनी दाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी वहीत १४१८ लिहिलं आणि शिक्का मारला.

बी वाफवून झाल्यावर यंत्र उघडलं तेव्हा वाफेबरोबर उकडलेल्या सोयाबीनचा वास खोलीभर पसरला. दुकानात पहाटे असाच असायचा. नेझूबाईंनी बियांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि पिशव्या जाळायला पाठवल्या.

घरी वडील टीव्हीवर सुमो कुस्ती बघत होते. आज सगळं बी मारलं, नेझूबाईंनी सांगितलं.
"कसं?"
"वाफेत. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं."
वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
"जास्त शिजवलंत," ते म्हणाले.
नेझूबाई कोट खुंटीला अडकवून भात लावायला गेल्या.