आत्याच्या पदराखाली

जळकोटच्या बसस्टँडमागं मल्लम्मा एकटी राहायची. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. कडक भाकरी करून दुकानांना द्यायची, त्यात तिचं भागायचं. धाकटा भाऊ रुद्रेश उदगीरला कापडाच्या दुकानात होता, त्याची बायको दामिनी दिवस भरत आलेली. एक दिवस त्याचा फोन आला.

"अक्का, दामिनीला पोरगं झालं. पण तिला लई ताप हाय, लातूरला आयसीयूत ठेवलंय. तिची आई तिकडं बसून हाय. लेकराला बघायला कुणी न्हाई."

मल्लम्मा तशीच उदगीरला निघाली.

बाळ वजनाला कमी होतं. त्याला ऊब लागते, अंगाला अंग लावून धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मल्लम्माला लाज वाटली. मग तिनं दार लोटलं, पोलक्याची बटणं सोडली आणि त्या एवढ्याशा जिवाला छातीवर ठेवून वरून पदर घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या अंगावर लेकरू होतं.

वाटी-चमच्यानं ती पावडरचं दूध पाजायची. त्याला ठसका लागला की हिचाच जीव जायचा. पोट भरलं तरी त्याचं तोंड तिच्या छातीवर काहीतरी शोधत राहायचं. तिथं काही नव्हतं. "न्हाई रे माझ्या राजा, न्हाई," म्हणत ती रडायची.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं घरी स्वामी आले, बाळाच्या गळ्यात लिंग बांधलं, तेव्हाही ते तिच्याच मांडीवर होतं. शेजारची गौरम्मा म्हणाली, "एवढा लळा लावून घेऊ नको, मल्लम्मा. आई येईल त्याची."

"येऊ दे की. तिच्यासाठीच तर सांभाळायलेय."

तिला ते खरंच वाटत होतं.

महिना उलटून गेल्यावर दामिनी घरी आली. गालफडं बसलेली, दूध आटलेलं. तिनं बाळाला घेतलं आणि त्यानं टाहो फोडला. मल्लम्माकडं गेलं की गप्प. रोज हेच. शेवटी एका दुपारी दामिनी भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, तुमचे लई उपकार हायत. पण तुम्ही घरात असलात की त्याला मी लागतच न्हाई. मी तिकडंच मेले असते तर बरं झालं असतं."

मल्लम्मा उठली. पिशवी भरली, बाळाचं टोपडं सारखं केलं आणि मिळेल त्या बसनं जळकोटला आली.

संध्याकाळी रुद्रेशचा फोन आला. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"अक्का, त्यो दूधच तोंडात घेईना. दामिनीबी रडायलीय. तीच म्हणली, अक्काला बोलव."

मल्लम्मा चपला घालायला उठली होती. मग थांबली.

"न्हाई येत. मी आले तर त्याला पुन्यांदा तोडावं लागंल. दामिनीला म्हण, छातीवर घे, अंगाला अंग लाव. किती बी रडला तरी खाली ठेवू नको."

फोन ठेवून ती दाराला टेकून बसली आणि घरात कुणी मेल्यासारखी रडली.

हळूहळू बाळ आईकडं रुळलं. दिवाळीत मल्लम्मा उदगीरला गेली तेव्हा ते चांगलं गुटगुटीत झालं होतं. तिनं उचललं, तसं ओठ काढून रडायला लागलं आणि दामिनीकडं झेपावलं.

"वळखंना झालंय, अक्का," दामिनी ओशाळून म्हणाली.

"बरं झालं की."

सगळ्यांनी आग्रह केला, पण ती मुक्कामाला थांबली नाही. नंतर ती उदगीरला गेलीच नाही. आता रुद्रेशच अधूनमधून येतो, मोबाइलवर पोराचे फोटो दाखवतो. ती बघते, मोठं झालं म्हणते. तो गेला की दार लावून घेते, आणि त्या दिवशी कुणाच्या हाकेला ओ देत नाही.