भैरववाडीचा पाच नंबर

कल्याणच्या मार्केटात भाजी टाकून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमध्ये माणसाला जागा मिळते, फक्त मागे क्रेटांवर बसावं लागतं. हनुमंत कोळेकर तरुणपणापासून दर वैशाखात असाच माळशेज घाट चढत आलाय. त्याची मेंढरं तेव्हा खाली मुरबाडच्या बाजूला, भाताच्या मोकळ्या खाचरांत असतात. भाऊ आणि बायको हिरा वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, थांबतात आणि हनुमंत वर येतो. आळेफाट्याला उतरतो आणि चालत भैरववाडीला जातो. यात्रेचा फुटबॉलचा सामना असतो.

यंदा निघताना हिरा म्हणाली, "जायचं तर जावा. पन लंगडत आलात तर मेंढरांमागं मी येकटी पळनार न्हाई."

"खेळवतील का न्हाई तेच ठावं न्हाई," हनुमंत म्हणाला.

त्याला तेवढंच हवं होतं. एकदा मैदानात उतरायचं. वय एक्केचाळीस, उजवा गुडघा घाट उतरताना कुरकुरतो आणि भैरववाडीच्या मंडळाचे अध्यक्ष सयाजीभाऊ यांनी फोनवर 'या वर्षी तुझा सत्कार ठेवलाय' असं सांगितलं होतं. सत्कार म्हणजे काय, हे त्याला कळत होतं.

कबड्डीच्या या मुलखात फुटबॉल आणला तो कोल्हापूरहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी. मास्तर पुढे बदलून गेले, चेंडू राहिला. गायरानाच्या तुकड्यावर बांबूचे गोल उभे राहिले, मग लोखंडी पाइपाचे. धनगराच्या हनुमंताला मास्तरांनी मागे उभं केलं, कारण तो पळायचा कमी आणि बघायचा जास्त. मेंढराच्या अंगावर धावून गेलं तर ते बुजतं आणि नको तिकडे घुसतं. त्याच्या कडेला, अंतर राखून उभं राहिलं की आपण होऊन वळतं. चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूचंही हनुमंत हेच करायचा. पाय घालायचा नाही. थोडा तिरका उभा राहायचा आणि समोरच्याला हळूहळू रेषेकडे नेऊन बाहेर काढायचा. लोक ओरडायचे, "वळीव, हनमा, वळीव!"

एवढ्या वर्षांत त्याच्या नावावर एकच गोल आहे आणि तो आपल्याच गोलात मारलेला.

त्या वर्षी वाडा लवकर वर आला होता. मंचरच्या संघाशी अंतिम सामना, एक-एक अशी बरोबरी, आणि वेळ संपत आलेली. हनुमंताचे वडील सोमाजी मैदानाच्या कडेला मेंढरं चारत होते. त्यांचा एक एडका रेषा ओलांडून थेट भैरववाडीच्या गोलासमोर आला. गोलकीपर त्याला हाकलायला पुढे धावला. पंचाने शिट्टी मारली नाही, कारण मेंढरं मैदानात येणं भैरववाडीत नवीन नव्हतं. तेवढ्यात गोलामागून सोमाजींनी एडक्याला हाळी दिली, "हिर्र्याऽऽ हो!" माघारी फिर, असा तिचा अर्थ. एडका हलला नाही. चेंडू पायात असलेला हनुमंत मात्र जन्मापासून कानात बसलेल्या त्या हाळीला गर्रकन मागे फिरला आणि फिरता फिरता मारलेला चेंडू रिकाम्या गोलात गेला.

भैरववाडी सामना हरली. रात्रभर शिव्या ऐकून तो पहाटे वाड्यावर गेला. लोकांना वाटलं, आता हा काही यात्रेला तोंड दाखवत नाही. पुढच्या वैशाखात तो पिकअपमधून उतरला, शर्ट काढून पाच नंबर अंगात घातला आणि मैदानात आला. कडेला बसलेल्यांतून कुणीतरी हाळी दिली, "हिर्र्याऽऽ हो!" शंभर माणसं हसली. हनुमंताने थांबून हात वर केला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून दर वर्षी तो उतरला की हाळी पडते. टोमण्याची ती मंडळाची घोषणा कधी झाली, ते कुणाला सांगता येत नाही. बाहेरगावच्या संघांना वाटतं, हा भैरवनाथाचा जयजयकार आहे. सोमाजी मात्र त्या दिवसानंतर मैदानाकडे फिरकले नव्हते.

यंदा चौकात फ्लेक्स होता. 'आमचा लेजंड' अशी ठळक अक्षरं आणि खाली ऋतिकचा गॉगल घातलेला फोटो. ऋतिक इथलाच. पुण्यातल्या एका क्लबकडून खेळतो, डोक्याने गोल मारतो आणि यात्रेला स्वतःची गाडी घेऊन येतो. टीव्हीवर बघून मंडळाने ठरवलं होतं की त्याचा दहा नंबर यापुढे कुणी घालायचा नाही. जर्सी काचेच्या चौकटीत घालून देवळाच्या सभामंडपात लावायची. चौकट तयार होती, आत त्याची जुनी जर्सी घालून.

"तुला फेटा बांधतो, शाल देतो, दोन शब्द बोल," सयाजीभाऊ म्हणाले.

"आन् खेळायचं?"

"हनमा, गुडघा बघ की जरा. पोरं विशीतली हायती समोर."

"मग जर्सी घालून बसू का नुसता?"

"बस की. फोटोला बरं दिसंल."

सामन्याआधी फेटा बांधला. हनुमंत 'आभारी हाय' एवढंच बोलला आणि कडेच्या खुर्चीवर बसला. यंदा प्रतिस्पर्धी अवसरीचा संघ होता. ऋतिकने पहिल्या अर्ध्यातच गोल केला, चांगला केला. दुसऱ्या अर्ध्यात मागे खेळणारा दादाभाऊ मांडी धरून खाली बसला. सयाजीभाऊंनी बाकावर पाहिलं. एका गड्याचा पाय सकाळीच मुरगळला होता. उरला हनुमंत.

"आता काय करायचं, राव?" सयाजीभाऊ स्वतःशीच म्हणाले.

हनुमंताने फेटा उचलून त्यांच्या हातात दिला. "ह्यो धरा. सुटू देऊ नका, परत बांधायला लई येळ लागतो."

तो रेषा ओलांडून आत गेला आणि हाळी उठली. त्याने हात वर केला.

अवसरीचा सात नंबरचा पोरगा वाऱ्यासारखा होता. पहिल्यांदा तो हनुमंताला टाकून पुढे गेला. चेंडू पाइपाला लागून परत आला, म्हणून वाचलं. दुसऱ्यांदा हनुमंत जरा अलीकडेच तिरका उभा राहिला. पोरगा रेषेकडे गेला, आणखी गेला आणि चेंडूसकट बाहेर जाऊन प्रेक्षकांच्या मांडीवर बसला.

"बसा पावणं, चहा सांगू का?" कुणीतरी म्हणालं.

शेवटी शेवटी चेंडू पुन्हा हनुमंताच्या पायात आला, अगदी आपल्या गोलासमोर. अवसरीची दोन पोरं अंगावर. लोक हाळी देत होते. त्या सगळ्या गलक्यातून गोलामागून एक हाळी आली, खरखरीत, शेवटचा 'हो' गिळलेली. ती त्याने लगेच ओळखली. सोमाजी काठीवर भार देऊन गोलामागे उभे होते.

हनुमंत फिरला नाही. त्याने चेंडू पुढे, सरळ, कांद्याच्या चाळीपर्यंत उडवला. तो शोधून आणेपर्यंत वेळ संपली.

सोमाजी जवळ आले. "बापाचं ऐकनं सोडलंस म्हनायचं."

"आबा, आज यडका कुठं व्हता?"

"न्हवता. बघत व्हतो, अजून फिरतोस का."

बक्षीस वाटपाला सयाजीभाऊंनी चौकट आणवली आणि माइकवर ऋतिकचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण गोल त्याचा होता. टाळ्या संपल्यावर मागून हाळी आली. मग दुसरी. मग सगळं गायरान हाळी देऊ लागलं आणि थांबेना. ऋतिकने चौकटीतून स्वतःची जर्सी काढून खांद्यावर टाकली.

"भाऊ, मी गोल मारतो आन् जातो," तो सयाजीभाऊंना म्हणाला. "चौकटीचं हनुमंतदादांना विचारा."

सयाजीभाऊंनी रिकामी चौकट हनुमंतापुढे धरली. "दे रं तुझा पाच नंबर. लोकांची विच्छा हाय."

हनुमंताने चौकट उलटसुलट करून पाहिली. काच चांगली होती.

"अंगातला हाय," तो म्हणाला. "निघंल तवा बघू."

"अरं, पुढच्या सालीबी खेळनार का काय तू?"

"दादाभाऊची मांडी काय सांगावी?"

सकाळी तो कल्याणकडे जाणाऱ्या भाजीच्या गाडीत बसला. जर्सी मळलेली होती. तशीच घालून गेला. गुडघा सुजला होता आणि घाटात ते हिराला कसं सांगायचं याचा तो विचार करत होता.

चौकट सभामंडपात लावली आहे, कारण खिळा आधीच ठोकलेला होता. आत काही नाही. भैरववाडीत नवीन माणूस आला की विचारतो, हे काय आहे. गावातले सांगतात, "पाच नंबर. सध्या खाली मेंढरांमागं हाय."